थोरले जावई ड्रोन उडवणार नाहीत

माझा साडू पायलट आहे. निदान माझे सासरे तसं सांगतात. साडूचा दौंडकडच्या कासुर्डीत हायवेलगत फोटो स्टुडिओ आहे आणि तो जन्मात कधी विमानात बसलेला नाही. तरी केंदूरला सासऱ्यांच्या ओट्यावर पाहुणा टेकला की ते ऐकवतात, "आमचं धाकटं जावई पायलट हायेत. ड्रोनचं. सरकारी सर्टिफिकेट हाय." मग पाहुण्याची नजर माझ्याकडे वळते. सासरे म्हणतात, "हे थोरलं. ह्यांचंबी शूटिंगचंच हाय."

अठरा वर्षं मी त्या घराचा जावई आहे आणि माझ्या वाट्याला एवढंच वाक्य येतं.

आमच्या पट्ट्यात लग्नावर पहिला ड्रोन मी उडवला. तेव्हा लोक जेवणाची ताटं सोडून मांडवाबाहेर आले होते. एका मामाचा फेटा वर बघता बघता मागे पडला, त्याला पत्ता नव्हता. त्या लग्नसराईत मी सांगेन तो भाव आणि मी सांगेन ती तारीख. हे मला कुणी दिलेलं नाही. नववीत शाळा सुटली तेव्हापासून मी लग्नांत हॅलोजनचा दिवा धरून उभा राहिलो. पुढे भाड्याचा कॅमेरा, मग स्वतःचा, मग तळेगाव ढमढेऱ्यात दुकान. घासाघीस मी आईजवळ आठवडे बाजारात शिकलो. गिऱ्हाइकानं पाठ फिरवल्यावर किती पावलं गेलं की हाक मारायची, हे मला सातव्या वर्षी कळत होतं.

साडूचं लग्न झालं तेव्हा त्याच्याकडे एक जुना कॅमेरा होता आणि त्याचा पट्टा तुटलेला होता. त्याच्या लग्नावर ड्रोन मी उडवला, आहेर म्हणून, फुकट. पाचव्या दिवशी तो माझ्या दुकानात येऊन बसला. "दादा, मला हे शिकवा की." मी शिकवलं. वाऱ्यात कसं धरायचं, विजेच्या तारा कशा चुकवायच्या, बॅटरी किती उरली की मोह आवरून खाली घ्यायचं. हे मी कुठं बोलायला लागलो की बायको म्हणते, "किती वेळा सांगाल?" किती वेळा सांगायचं ते मी ठरवीन.

मग नियम आले. ड्रोनला नंबर हवा, गाडीला असतो तसा. कुठं उडवायचं आणि कुठं नाही याचा हिरवा, पिवळा, लाल नकाशा आला. गर्दीच्या डोक्यावर न्यायचा नाही, नजरेआड न्यायचा नाही, गावात किंवा शहरात चारचौघांच्या जागी उडवायचा तर पोलिस ठाण्यात आधी अर्ज द्यायचा. आणि धंदा म्हणून उडवायचा असेल तर पायलटचं सर्टिफिकेट. त्यासाठी काही दिवसांचं शिक्षण, आणि त्या शिक्षणाला बसायला दहावी पास.

अर्जातल्या त्या ओळीवर मी कितीतरी वेळ बोट ठेवून बसलो होतो. बाकी सगळ्याला माझ्याकडे उत्तर होतं. उडवण्यात त्या शिकवणाऱ्यांनीच माझ्याकडून दोन गोष्टी घेतल्या असत्या. पण दहावीला मी बसलोच नव्हतो. लग्न ठरवताना सासऱ्यांनी विचारलं होतं, "शिक्षण?" मी म्हणालो होतो, "दहावीपर्यंत." त्यांनी पुढं खोदलं नाही. साडूच्या वेळी मात्र त्यांनी गुणपत्रिका मागून घेतली. बावन्न टक्के. प्लॅस्टिकमध्ये घातलेली. ओट्यावर हातोहात फिरली, माझ्याही हातात आली. मी ती वाचल्यासारखं केलं आणि पुढं दिली.

साडूनं सर्टिफिकेट काढलं. मी काढलं नाही आणि उडवायचंही सोडलं नाही.

शिरूरला बाजारपेठेत एका मंडळाची मिरवणूक होती. मी ड्रोन लोकांच्या डोक्यावरून, गुलालातून नेला. पोरं हात वर करून नाचत होती. थोड्या वेळानं एक हवालदार माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "उतरवा." मी उतरवला आणि बोलणी सुरू केली. साहेब, दोनच मिनिटं. साहेब, मंडळाची पोरं नाराज होतील. साहेब, तुमच्या घरी काही कार्य असेल तर हक्कानं सांगा. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि ड्रोन पिशवीत घातला. आयुष्यात पहिल्यांदा माझी घासाघीस वाया गेली. तीन दिवसांनी ड्रोन परत मिळाला तो माझ्या हातून लिहून घेऊन, की यापुढे परवानगीशिवाय उडवणार नाही.

त्याच आठवड्यात साडूनं दौंडला अशाच एका मिरवणुकीचं शूटिंग केलं. त्याचा एक व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर आला. अंगात नारिंगी जाकीट, भोवती चार खांब रोवून दोरी बांधलेली, ड्रोन त्या दोरीच्या आतून उठतो आणि आतच उतरतो. गर्दीवर नाही, गर्दीच्या कडेनं जातो. दोरीत उभं राहून ड्रोन उडवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. लोकांना ते आवडलं. पोलिस त्याच्याशी हसून बोलत होते. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला हे सांगत नाही.

मधल्या काळात गावागावांत अंधार पडल्यावर आकाशात दिवे दिसायला लागले होते आणि चोर ड्रोननं टेहळणी करतात अशी बोलवा उठली होती. लोक गच्चीवर दगड गोळा करून ठेवायचे. एका लग्नात माझ्याच ड्रोनला भरदिवसा ढेकूळ लागलं. म्हणून गावांनी आपला वेगळा नियम केला. केंदूरचा नियम असा, की ज्याला ड्रोन उडवायचा असेल त्यानं पोलिस पाटलांना सांगायचं आणि मारुतीच्या देवळातल्या कर्ण्यावरून तसं जाहीर करायचं. जाहीर करणारे देवळाचे गुरव. त्यांचं वाक्य ठरलेलं: "गावकरी मंडळींनो, आज अमुक यांच्या घरच्या कार्यात अमुक इसम ड्रोन उडवणार आहेत. कुणी घाबरू नये. दगड मारू नये. ठाण्यात फोन करू नये." सरकारला कागद लागत होता, गावाला कर्ण्यावर नाव लागत होतं. कागद कुणाच्या दृष्टीस पडत नाही. नाव सगळं गाव ऐकतं, भांडी घासणाऱ्या बायकांपासून पारावरच्या म्हाताऱ्यांपर्यंत.

आणि अशातच मेहुण्याचं लग्न ठरलं. सासऱ्यांचा एकुलता एक मुलगा. मुलीकडचे लांबचे, म्हणून लग्न केंदूरलाच, सासऱ्यांच्या दारात. मी त्या दिवसाची वाट बघत होतो. सासऱ्यांच्या गावात, सगळ्या भावकीसमोर, त्यांच्या मुलाच्या परण्यावरून माझा ड्रोन फिरणार. नवरदेव घोड्यावरून मारुतीला जाणार, आणि वरून मी.

ओट्यावर बोलणी बसली तेव्हा मी म्हणालो, "मामा, वरच्या शूटिंगचं काय बघू नका. ते माझ्याकडं."

सासरे पानाला चुना लावत म्हणाले, "वरचं पायलट करत्याल. तुम्ही आपलं खालचं बघा."

"खालचं म्हंजी?"

"म्हंजी पंगती, आहेर, बायकांच्या ओव्या."

"मामा, मी थोरला जावई हाय."

"व्हय की. म्हणून तर आहेर तुमच्याकडं दिला. जोखमीचं काम हाय."

साडू खाली मान घालून बसला होता. तो म्हणाला, "दादा, तुम्ही उडवलं तर मला आनंदच हाय. पण तुमच्याकडं लायसन न्हाई, आन् शिरूरला तसं लिहून दिलंय. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात तुम्हाला तरास नको."

माझ्या मेव्हण्याच्या. जसा काही मेव्हणा त्याचा एकट्याचा. माझा चहा तसाच राहिला.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानातून मी ठाण्यात फोन लावला. माझा हिशोब सरळ होता. साडू दौंडकडचा, त्याची ओळखपाळख तिकडच्या ठाण्यात. केंदूर येतं इकडच्या हद्दीत. दोरीवाल्याला ते सुचलं नसणार. मी म्हणालो, "उद्या केंदूरला लग्नात ड्रोन उडणार हाय. भर चौकात. परवानगी न्हाई."

"नाव काय तुमचं?"

"गावकरी."

"कोण उडवणार आहे?"

"ते तुम्ही येऊन बघा," म्हणालो आणि फोन ठेवला. त्या रात्री मला चांगली झोप लागली.

सकाळी मांडवात हळदीच्या ताटांचं शूटिंग करत होतो. तेवढ्यात देवळाचा कर्णा खरखरला. गुरवांनी घसा खाकरला. "गावकरी मंडळींनो, आज लग्नकार्यात आपल्या गावचे जावई, दौंडचे पायलट साहेब, ड्रोन उडवणार आहेत. कुणी घाबरू नये. दगड मारू नये."

साहेब! माझं नाव दोनदा याच कर्ण्यावरून गेलं होतं, दोन्ही वेळा "इसम" म्हणून. मांडवातल्या बायका पदर सावरून वर बघायला लागल्या. माझी मेहुणी, साडूची बायको, आंब्याची पानं बांधता बांधता हसली. मागच्या रानात साडूनं चाचणीसाठी ड्रोन वर घेतला. त्याचा आवाज आला आणि माझं डोकं फिरलं. कॅमेरा तसाच खुर्चीवर ठेवला आणि मी देवळाकडे निघालो.

आदल्या दिवशीचा फोन तेव्हा माझ्या डोक्यातून साफ गेला होता. रागात मला एका वेळी एकच गोष्ट दिसते.

गुरव माईकची वायर गुंडाळत होते. मी म्हणालो, "आबा, चुकलं तुमचं. ड्रोन थोरलं जावई उडवणार हायेत."

"चिठ्ठीवर तर धाकटं लिवलंय."

"चिठ्ठी चुकली. परत सांगा."

"आता माईक बंद केला."

"चालू करा. देवळाच्या कळसाचा मोठा फोटो करून देतो."

"फोटो हाय."

"सप्त्याचं शूटिंग देतो. फुकट."

गुरव वायर गुंडाळायचे थांबले. "किती दिवसाचं?"

"काल्याच्या दिवसाचं."

"सातीबी दिवस."

"आबा, धंदा हाय माझा. तीन."

"पाच. आन् पेनड्राइव्ह तुमचा."

"चार. पेनड्राइव्ह माझा."

त्यांनी माईक चालू केला. पुढचं वाक्य गावभर गेलं तेव्हा मी देवळाच्या पायरीवर उभा होतो आणि मला ऊन लागत नव्हतं. "मंडळींनो, दुरुस्ती आहे. ड्रोन थोरले जावई, तळेगावकर, उडवणार आहेत."

मांडवाकडे परतताना चार जणांनी रामराम घातला. एक म्हातारा म्हणाला, "जावईबापू, आमच्या घरावरनंबी आणा की एकदा." मी म्हणालो, "आणतो." काय आणणार होतो? माझा ड्रोन तळेगावला कपाटात होता.

साडू रानातून आला. त्यानंही ऐकलं होतं. मला वाटलं आता भांडेल, आणि भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "असू द्या दादा. मी उडवतो, नाव तुमचं. लोकांना काय कळतंय."

ते बोलून तो खांब रोवायला गेला. मला त्याच्या पाठीवर खांब मारावासा वाटला.

परण्या निघाला. नवरदेव घोड्यावर, पुढं बँड, बायका मागं. चौकाच्या कडेला साडूनं दोरी बांधली, नारिंगी जाकीट घातलं. एवढ्यात मोटरसायकलवरून दोन पोलिस आले. बँड थांबला. "ड्रोन कोण उडवतंय?"

शे-दीडशे माणसं होती. दोरीच्या आत जाकीट घातलेला माणूस रिमोट हातात घेऊन उभा होता. आणि सगळ्यांनी बोट माझ्याकडे केलं. कर्ण्यावर तेच सांगितलं होतं ना.

पोलिसांतले थोराड होते ते शिरूरच्या मिरवणुकीतलेच हवालदार निघाले, आता इकडच्या ठाण्यात बदलून आलेले. त्यांनी मला ओळखलं. "तुम्ही? लिहून दिलंय ना तुम्ही?"

"साहेब, मी न्हाई उडवत."

"मग सगळे तुमच्याकडं का बघतायत?"

गुरव गर्दीतून पुढं आले. "साहेब, ह्यांनीच सांगितलं मला. थोरलं जावई उडवणार म्हणून. चार दिवसाच्या सप्त्यावर ठरलं आमचं."

लोक हसले. घोड्यावरून नवरदेवही हसला. सासरे माझ्या बुटांकडे बघत होते. मला बोलायचं होतं आणि बोलण्यासारखं एकच वाक्य होतं. ते मी मोठ्यानं म्हणालो, कारण हळू म्हणून हवालदारांना पटलं नसतं. "साहेब, माझ्याकडं सर्टिफिकेट न्हाई. मी उडवत न्हाई. तो उडवतो."

साडूनं दोरीतून बाहेर येऊन फाइल पुढं केली. ड्रोनचा नंबर, पायलटचं सर्टिफिकेट, आणि त्याच हद्दीच्या ठाण्याची परवानगी. दहा दिवस आधीची. कासुर्डीहून तो दोनदा हेलपाटा मारून गेला होता. हवालदारांनी पानं उलटली, मान हलवली. "कागद ठीक आहेत. पण गावाला एक नाव सांगायचं आणि कागदावर दुसरं, असं चालणार नाही. अजून कुणी फोन केला तर आम्हाला पुन्हा यावं लागेल. स्पीकरवर दुरुस्त करा, मग उडवा."

म्हणून घोडा उभा राहिला, बँडवाल्यांनी पिपाण्या काखेत घेतल्या, आणि गुरव देवळात गेले. कर्णा पुन्हा खरखरला. "मंडळींनो, अजून एक दुरुस्ती आहे. थोरले जावई ड्रोन उडवणार नाहीत. त्यांच्याकडे सर्टिफिकेट नाही. धाकटे जावई, पायलट साहेब, उडवणार आहेत. कुणी घाबरू नये."

बँड वाजायला लागला. ड्रोन दोरीतून उठला आणि गर्दीच्या कडेकडेनं गेला. मी मांडवात परत येऊन आहेराचं शूटिंग केलं. ताट, लुगडं, टोपी, नारळ. एकही आहेर सुटला नाही. जाताना गुरवांनी गाठलं. "आन् सप्त्याचं?" मी म्हणालो, "येईन." आणि गेलोही पुढं, चार दिवस, खालून शूटिंग केलं.

 घरी येताना गाडीत, केंदूरचा फाटा मागं पडल्यावर बायको म्हणाली, "फोन तुम्हीच केला ना?"

मी गियर बदलला.

"माझ्या भावाच्या परण्यात पोलिस आणलं तुम्ही."

"त्याच्याकडं कागद न्हाई वाटलं."

"त्याच्या कागदाचं दुखणं न्हाई तुमचं. तुमच्या कागदाचं हाय." मग थोडं थांबून, "सतरा नंबरचा फॉर्म भरा आन् मिटवा एकदाचं. न्हाईतर माझ्या माहेराला जाताना मला एकटीला जाऊ द्या." शाळा सुटलेल्यांनी बाहेरून दहावीला बसायचा तो फॉर्म. तिला तो माहीत होता म्हणजे तिला सगळं माहीत होतं. अठरा वर्षं माहीत होतं आणि तिनं ओट्यावर कधी तोंडातून काढलं नव्हतं. मी त्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. ती खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिली.

महिन्यानं मी साडूला फोन करून न कापलेलं सगळं शूटिंग मागवलं. म्हणालो, आल्बमला काही फोटो निघतात का बघतो. खरं म्हणजे मला चूक पाहिजे होती. कुठंतरी ड्रोन माणसांच्या डोक्यावर आला असेल, तारांजवळ गेला असेल, दोरीबाहेर उतरला असेल. दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर मी दोन दुपारी बसून बघितलं. एकही चूक नव्हती. वळण घेताना तो वेग कमी करतो, वाऱ्याकडे तोंड ठेवतो. ते मी शिकवलेलं.

सकाळच्या चाचणीच्या तुकड्यात रान होतं, सासऱ्यांचं घर, मांडवाचं कापड, आणि देवळाकडं जाणारा रस्ता. त्या रस्त्यावर एक पांढऱ्या शर्टातला माणूस चालत होता. पळत नव्हता, पण पळाल्यासारखा. एक हात नुसताच हवेत हलवत होता, समोर कुणी नसताना, घासाघीस करताना हलतो तसा. वरून तो अंगठ्याच्या नखाएवढा दिसत होता. तो देवळाच्या दारात शिरेपर्यंत ड्रोन त्याच्यावर थांबला होता. साडूला तेव्हाच कळलं असणार. लग्नाच्या फिल्ममध्ये त्यानं तो तुकडा घातला नाही. सासऱ्यांना दाखवला नाही. या चांगुलपणाचं काय करायचं, मला सुचत नाही. दाखवला असता तर मी त्याला शिव्या तरी दिल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जुन्या शाळेत गेलो, शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "मुलाचा?"

"माझा. सतरा नंबर भरायचाय."

त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, रजिस्टर शोधलं, फॉर्म ऑनलाइन कसा भरायचा ते सांगितलं आणि फी सांगितली. मी सवयीनं म्हणालो, "काय कमी?"

"बोर्डाची फी आहे दादा," तो हसून म्हणाला. मग मीही हसलो. पाठ फिरवून चार पावलं गेलो असतो तरी त्यानं हाक मारली नसती.

आता दुकान बंद केल्यावर मी गणिताचं पुस्तक घेऊन बसतो. बायको चहा ठेवून जाते. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही, साडूला तर नाहीच. सर्टिफिकेटला नुसतं पास पुरतं, हे मला माहीत आहे. पस्तीसवर काम भागतं. पण ती प्लॅस्टिकमधली गुणपत्रिका माझ्या हातातून गेली होती आणि तो आकडा माझ्या अजून डोळ्यांपुढं आहे.

मला त्रेपन्न पाहिजेत.